पालखीपुढे वाजवणारी माणसे हवीत : गोव्यातील उत्सव समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
देवस्थानांच्या व सार्वजनिक उत्सवांच्या समित्या, गोवा.

स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यातील एका उत्सव समितीने यंदाच्या सभेत ठराव केला की, यापुढे मिरवणुकीसाठी बँड सांगायचा नाही, त्याऐवजी ट्रकवर ध्वनियंत्रणा चढवून ध्वनिमुद्रित गाणी लावायची. या उत्सवात आमचे पथक माझ्या गुरूंच्या काळापासून वाजवत आले आहे. ठरावाची बातमी आम्हाला फोनवरच्या दोन वाक्यांतून मिळाली. समितीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. असे ठराव आता एकामागून एक गावांत होत आहेत, आणि प्रत्येक समितीला वाटते की आपण केवळ आपल्या गावापुरता आणि या वर्षापुरता निर्णय घेत आहोत. हे सगळे निर्णय एकत्र केले तर त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्यासमोर आणि गोमंतकातील रसिकांसमोर मांडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी क्लॅरिनेट वाजवतो. सत्तरच्या दशकात, शाळा सुटायच्या वयात, मी पहिल्यांदा बँडच्या रांगेत उभा राहिलो आणि आज साठी उलटल्यावरही उभा आहे. लग्नाच्या वराती, चवथीची विसर्जने, जत्रेच्या पालख्या, शिगम्याच्या मिरवणुका, उत्सवातील संगीत नाटके, ख्रिस्ती बांधवांची फेस्ते (चर्चचे उत्सव), त्या दिवशी पहाटे बँडवर वाजणारी आल्वोराद, अंत्ययात्रा आणि तियात्रे (कोंकणी संगीत नाटके), या सर्व ठिकाणी मी वाजवले आहे. माझ्या मुलांची शिक्षणे बँडवर झाली नाहीत, त्यासाठी मला दिवसा नोकरी करावी लागली. पण माझे स्वतःचे शिक्षण मात्र पूर्णपणे बँडमध्ये झाले.

ते कसे झाले हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या ठरावाने नेमके तेच बंद पडणार आहे. शिरोड्याहून फेरीबोटीने जुवारी ओलांडून मी राशोलच्या बाजूला एका मेस्ताकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, शिकायला जात असे. नदीपलीकडच्या साष्टी तालुक्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा कित्येक पिढ्यांची. माझे मेस्त त्याच परंपरेत तयार झालेले. त्यांनी पहिले कित्येक महिने मला वाद्याला हात लावू दिला नाही. उजव्या हाताने हवेत ताल दाखवायचा आणि समोरचे स्वर तोंडाने म्हणायचे, एवढेच. मी हिंदू मुलगा, देवळातल्या आरत्या आणि अभंग तेवढे ठाऊक असलेला. मेस्तांनी मला एक अभंग म्हणायला लावला, तो ऐकत ऐकत पाच रेघांवर उतरवला आणि तो कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले की आता हे वाच. मला पाठ असलेला अभंग मी त्या दिवशी प्रथमच वाचला. पुढे त्यांनी आरत्या, भजने, नाट्यपदे यांची एक वहीच तयार केली. क्लॅरिनेटचा पार्ट वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, युफोनियमचा वेगळा. शाई पसरलेल्या त्या वहीवरूनच आमचे पथक अजून वाजवते.

आपल्याकडे कधी कोणी हिशेब मांडत नाही, पण फोंड्याच्या देवळांपुढे वाजणारा बँड हा साष्टीच्या चर्चमधील शिक्षण आणि आपल्या नाटक-भजनाचे चालते संगीत यांच्या मिलाफातून उभा राहिलेला आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले आणि त्यांच्याकडे प्यारेलाल व राहुल देव बर्मन व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधले. ख्रिस पेरी यांनी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन हाती घेऊन कोंकणी गाण्याला नवे रूप दिले. या नावांचा आपण सगळेच अभिमानाने उल्लेख करतो. पण जी माणसे मुंबईला गेली नाहीत, ज्यांनी तेवढ्याच कष्टाने शिकून आयुष्यभर पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावच्या रस्त्यांवर वाजवले, त्यांच्यामुळे हे शिक्षण गावात टिकले. ती माणसे तुमच्या उत्सवांवर जगत होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीची आहे. ज्यांच्या कामाबद्दल ठराव होतो त्यांना सभेला बोलावण्याचा किंवा आधी विचारण्याचा रिवाज पडलेला नाही. समितीला खर्च कमी करायचा होता तर तसे म्हणता आले असते; वादकांची संख्या, वाजवण्याचा वेळ, गाडीभाडे, या सगळ्यावर बोलता आले असते. आम्हाला बोलण्याची संधीच मिळाली नाही.

दुसरी तक्रार ‘बँड परवडत नाही’ या कारणाविषयी आहे, आणि हे कारण मी हलके मानत नाही. ध्वनियंत्रणेबरोबर दोन-तीन माणसे येतात, आमच्याबरोबर बारा-चौदा. बिदागी सारखी धरली तरी आमच्याकडे ती बारा-चौदा घरांत वाटली जाते, आणि त्यातूनच प्रत्येकाला रीड, पॅड, तेल, गणवेश, दुरुस्ती भागवायची असते. पितळी वाद्ये मेरठहून मागवावी लागतात. पावसाळ्यात चवथीच्या सुमारास क्लॅरिनेटचे पॅड दमटपणाने फुगतात, झडप नीट बसत नाही आणि खालचा स्वर फुटतो. असे वाद्य दुरुस्त करणारा कारागीर जवळपास मिळत नाही म्हणून आम्ही ते स्वतःच उघडून, वाळवून, बसवतो. हा सगळा खर्च आणि श्रम ‘बँड’ या एका शब्दामागे असतात. समितीच्या जमाखर्चात मात्र दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले जातात आणि लहान आकडा जिंकतो. त्या दोन आकड्यांनी समिती दोन वेगळ्या गोष्टी घेत असते. एकात गाणी वाजवून मिळतात. दुसऱ्यात गाणी वाजतात आणि वाजवणारी माणसे तयार होतात. पथकातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आधी झांज वाजवतो, मग साइड ड्रम, आणि चार-पाच उत्सव झाले की कोणाचे तरी जुने ट्रम्पेट घरी नेऊन त्यावर स्वर काढू लागतो. त्याच्या सरावाला कारण असते ते पुढच्या उत्सवाचे काम. ते काम गेले की त्याला शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्यापुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये उत्सव थांबले तेव्हा आमच्यातल्या काहींनी वाद्ये विकली. ती पुन्हा घेतली गेली नाहीत. त्या वेळी इलाज नव्हता. आता आहे.

तिसरी गोष्ट संगीताची, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पालखी एका वेगाने चालत नाही. चढावर खांदेकरी मंदावतात, दारात आरती आली की थांबतात, मांडावर, म्हणजे उत्सवाच्या ठरलेल्या जागेवर, पोचल्यावर पालखी नाचू लागते. आमचा मास्तर बँडकडे तोंड करून उलटा चालत असतो आणि त्याची अर्धी नजर खांदेकऱ्यांच्या पायांवर असते. पाय जड झाले की तो हात खाली आणतो, आम्ही लय उतरवतो. पालखी नाचायला लागली की बास ड्रमवाला एका खुणेवर ठेका बदलतो, आणि पुढची ओळ आम्ही वाट बघून उचलतो. एखाद्या घरात कोणी आजारी आहे हे वाड्यावर सर्वांना माहीत असते. त्या दारासमोर ट्रम्पेट आणि ड्रम थांबतात, एकटा क्लॅरिनेट हळू आवाजात आरतीची चाल वाजवतो आणि घरातला माणूस उंबऱ्यापर्यंत येऊन हात जोडतो. मी स्वतः असे कितीतरी दारांसमोर वाजवले आहे. ट्रकवरचे गाणे हे करू शकत नाही. ते चालवणाऱ्या मुलांचा दोष नाही, त्यांच्यासमोर पालखी नसते, पडदा असतो.

उत्सवी नाटकांतही हेच. आमच्या देवळांच्या मंडपात गावकऱ्यांनी संगीत नाटके करण्याची परंपरा मोठी आहे आणि त्यांच्यापाशी अजून पेटी, तबला असतो. पूर्वी क्लॅरिनेटही असे. बी फ्लॅट क्लॅरिनेटवरचा ‘डो’ (पाश्चात्त्य ‘सा’) म्हणजे पेटीवरची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. पद काळी एकमध्ये असेल तर वादकाला सगळे पद एक पूर्ण स्वर वर धरून वाचावे लागते, आणि गाणारा ऐन वेळी म्हणाला की आज घसा बसला आहे, पांढरी सातमध्ये घ्या, तर त्याच क्षणी पुन्हा खाली यावे लागते. हे प्रत्यक्ष प्रयोगांत, गायकाच्या तोंडाकडे बघतच शिकता येते. आता पुष्कळ ठिकाणी पार्श्वसंगीताच्या ध्वनिफिती लावून प्रयोग होतात, गायकाचा घसा बसलेला असला तरी फीत आपल्या पट्टीतच राहते, आणि शेवटी माणूस यंत्रामागे धावतो.

काळ बदलला, तरुणांना हेच हवे, असे मला सांगितले जाते. तरुणांना नवी गाणी हवीत, हे खरे आहे. ती बँडवर वाजतात. एक महिना आधी यादी द्या, आम्ही पार्ट लिहून बसवून देऊ. आजवर तेच करत आलो. आणि काळ बदलला म्हणावे तर तो सर्वांसाठीच बदलला. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिले तियात्र झाले, तेव्हापासून आजपर्यंत कोंकणी तियात्राने रंगमंचाखालचा प्रत्यक्ष वाजणारा बँड सोडलेला नाही. तिकीट काढून येणारा प्रेक्षक त्या ट्रम्पेटसाठीही येतो. फेस्ताच्या दिवशी पहाटे आल्वोराद अजून वाजते. शिगम्यात तरुणच ढोल-ताशा घेऊन मैलभर नाचत वाजवतात, आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने आरती म्हणणारी नवी पथके उभी राहिली आहेत. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. सनई-चौघड्याला देवळात पिढ्यान् पिढ्या सेवेचे स्थान आहे. बँडला मात्र कुठेच स्थान नाही. तो देवळाचा नाही, शासनाचा नाही, कोणत्याही संस्थेचा नाही. तो केवळ तुमच्या बोलावण्यावर उभा आहे.

आवाजाचा मुद्दा काही समित्यांनी आमच्याविरुद्धही वापरला आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम आम्हालाही लागू आहेत, रात्री दहानंतर उघड्यावर वाजवायचे नाही हे आम्ही पाळतो, आणि पितळी वाद्यांचा आवाज मोठा असतो हेही मान्य करतो. तरीही निवासी भागासाठी ठरलेली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असताना, खिडक्यांची तावदाने हादरवणाऱ्या पेट्या ट्रकवर रचून त्याच रस्त्याने नेण्याला परवानगी आणि दमाने वाजणाऱ्या वाद्याला हरकत, हे मला समजत नाही. आमचा दम संपतो, मग आम्ही थांबतो. दोन गाण्यांच्या मधल्या त्या शांततेत देवाचे नाव घेणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो.

वागणुकीविषयी थोडक्यात लिहितो. जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवणे, गणवेश बदलायला जागा नसल्याने गाडीच्या आडोशाला उभे राहावे लागणे, बिदागी महिनोन्महिने राहणे आणि ती मागायला गेल्यावर खजिनदारांनी दुसऱ्याकडे बोट दाखवणे, हे सर्वच ठिकाणी होते असे मी म्हणणार नाही. ज्या समित्यांनी आम्हाला अग्रशाळेत (देवळाच्या भक्तनिवासात) खोली दिली आणि त्याच रात्री हिशेब चुकता केला, त्यांची आठवण पथकातला प्रत्येक जण ठेवतो. पण तसे न होण्याचे प्रसंग अधिक आहेत.

यापेक्षा अधिक दुखावणारी गोष्ट अलीकडे कळली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ युफोनियमवादकाने ज्येष्ठ कलाकारांसाठी असलेल्या अर्थसाहाय्याकरिता अर्ज केला. एका कार्यालयातून त्याला सांगण्यात आले की इतकी वर्षे वाजवल्याचे पुरावे आणा : प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे. तो समित्यांकडे गेला. जुन्या वह्या उघडल्या गेल्या आणि प्रत्येक वर्षीच्या खर्चात एकच ओळ सापडली : ‘बँड’, आणि पुढे रक्कम. गायकाचे नाव पत्रिकेत छापले जाते, कीर्तनकारांचे छापले जाते, मंडप घालणाऱ्याची पावती असते; बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसाचे नाव कोठेही लिहिले जात नाही. आयुष्यभर हजारो लोकांसमोर वाजवलेला हा माणूस कागदावर कलाकारच नाही. अर्ज परत आला. त्या कार्यालयातील कारकुनाने नियमाप्रमाणेच केले असेल. पण नावे लिहिण्याचे काम समित्यांचे होते, आणि ते कोणी केले नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्टपणे लिहितो.

प्रत्येक उत्सवाच्या मुख्य मिरवणुकीत, पालखी असो वा विसर्जन, प्रत्यक्ष वाजवणारे पथक असावे आणि त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. ध्वनियंत्रणा हवीच असेल तर ती दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला लावावी. तिला आमचा विरोध नाही. ज्या समित्यांनी बँड बंद करण्याचा ठराव केला आहे त्यांनी तो या वर्षापुरता स्थगित ठेवून स्थानिक पथकांशी एकदा बोलावे.

काम सांगताना लेखी पत्र द्यावे, त्यात वेळ, वादकांची संख्या आणि बिदागी लिहावी, आणि ती उत्सव संपल्यावर आठ दिवसांत मिळावी. वाजवणाऱ्यांना बसायला आणि कपडे बदलायला खोली मिळावी आणि जेवण इतरांबरोबर मिळावे.

या वर्षापासून प्रत्येक समितीने वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य आपल्या वहीत लिहावे आणि वर्षाअखेर शिक्का मारून त्याचे प्रमाणपत्र द्यावे. यासाठी समितीला एक रुपयाही खर्च नाही. जे वादक आज सत्तरीला आले आहेत त्यांच्याबाबत गावातील वृद्धांच्या साक्षीवरून मागील वर्षांचेही प्रमाणपत्र देता येईल. राज्य शासनाला माझी विनंती आहे की अशी प्रमाणपत्रे कलाकारांच्या योजनांसाठी पुरावा म्हणून मान्य करावीत आणि बँडवादकाला कलाकार म्हणून अर्जात स्वतंत्र रकाना द्यावा.

अग्रशाळांमध्ये वर्षातील बरेच दिवस खोल्या रिकाम्या असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यातली एक खोली सरावासाठी मोकळी मिळाली तर गावातल्या मुलामुलींना विनामूल्य शिकवायला मी आणि आमच्या पथकातले आणखी दोघे तयार आहोत. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण आमच्या रांगेत त्या आजवर आल्या नाहीत आणि आल्या पाहिजेत.

शेवटची मागणी त्या वह्यांची. माझ्या मेस्तांच्या वहीसारख्या हस्तलिखित वह्या फोंडा, डिचोली, साष्टी, तिसवाडीतील किती घरांत पेट्यांमध्ये पडून असतील आणि किती वाळवीने गेल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. गोमंतकातील आरत्या आणि नाट्यपदे पाश्चात्त्य स्वरलेखनात कशी उतरवली गेली, याचा तो लेखी पुरावा आहे. १८३२ पासून चालत आलेल्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, अशी व्यवस्था शासनाने करावी. माझी वही मी पहिली आणून देतो. समित्यांनी आपापल्या गावातील जुन्या वादकांच्या घरी एकदा चौकशी करावी, एवढेच मागणे.

चवथीपूर्वी बहुतेक समित्यांच्या सभा होतात. आपल्या सभेत पंधरा मिनिटे दिलीत तर आमच्या पथकातले चौघे-पाच जण येतील. खर्चाचा लेखी तपशील घेऊन येऊ, कमी वादकांत काय करता येईल तेही सांगू आणि सभासदांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देऊ. सभेची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक क्लॅरिनेटवादक,
फोंडा तालुका, गोवा